लेखणी एक, वकीलपत्रं तीन

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: चार वर्षं स्वतंत्रपणे लेखन करून पोट भरते. बहुतेक काम कंपन्यांचं, म्हणजे वेबसाइटचा मजकूर, माहितीपत्रकं, ईमेल. अलीकडे खेळाडूंवरचे व्यक्तिलेख मिळू लागलेत आणि अधूनमधून मोकळं व्हायला स्वतःबद्दलही लिहावंसं वाटतं. पण हल्ली काहीही लिहिलं तरी ते जाहिरातीसारखं वाटतं. यातला एकच प्रकार निवडून बाकीचे सोडावेत का? सोबत एका वेटलिफ्टर मुलीवरच्या लेखाचा पहिला परिच्छेद जोडला आहे. त्याची सुरुवात ‘जिद्द, चिकाटी आणि अथक परिश्रम यांचा त्रिवेणी संगम म्हणजे...’ अशी आहे. परिच्छेदाबद्दल विचारताना तुम्ही ओघात आणखी एक ओळ लिहून गेलात: ‘ती वजन उचलण्याआधी बारकडे पाठ करून उभी राहते, गंमत वाटली.’ (बार म्हणजे वजनाच्या चकत्या लावलेला दांडा.) या ओळीकडे मला परत यायचं आहे.

आधी उत्तर. सोडू नका. मी वीसेक वर्षं हे तिन्ही प्रकार करते आहे आणि तिन्ही एकमेकांवर जगतात, नुसते पैशाच्या अर्थाने नव्हे. तुम्हाला जो त्रास होतोय तो तीन कामं केल्याचा नाही. तिन्ही कामांत तुम्ही एकाच पक्षाची वकिली करताय, त्याचा आहे.

मी कोणतंही काम घेताना एक प्रश्न स्वतःला विचारते: इथे माझं वकीलपत्र कोणाचं? जाहिरातीचा मजकूर लिहिते तेव्हा पैसे देणाऱ्याचं. यात लपवण्यासारखं काही नाही, वाचकालाही ते ठाऊक असतं. व्यक्तिलेखात वकीलपत्र वाचकाचं. खेळाडूचं नाही, त्याच्या प्रशिक्षकाचं नाही, प्रायोजकाचं तर नाहीच. आणि स्वतःबद्दल लिहिताना मोठी पंचाईत होते, कारण वकील आपण, साक्षीदार आपण, आणि बऱ्याचदा आरोपीही आपणच.

तुमचा परिच्छेद वाचून मला वाटलं, तुम्ही त्या मुलीचं वकीलपत्र घेतलंय. तिने मागितलं नसताना.

पण जाहिरातीच्या लेखनाला दोष देण्याची घाई करू नका. जाहिरात लिहून भाषा बिघडते असं लोक सरसकट म्हणतात, तेव्हा मला राग येतो. भाषा आळशी जाहिरातीने बिघडते. चांगली कॉपी, म्हणजे जाहिरातीचा मजकूर, लिहिणारा माणूस विशेषणांच्या बाबतीत कवीपेक्षा कंजूष असतो. डेव्हिड ओगिल्वी या जाहिरातकाराची १९५८ची रोल्स-रॉइस गाडीची जाहिरात या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. ताशी ६० मैलांच्या वेगाला गाडीत सर्वांत मोठा आवाज येतो तो विजेवरच्या घड्याळाचा, असा तिचा मथळा होता. त्यात ‘शांत’ हा शब्दच नाही. आणि तो मथळा काही ओगिल्वीला बसल्याबसल्या सुचलेला नव्हता. गाडीबद्दल मिळेल ते तो तीन आठवडे वाचत होता, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. एका मोटार मासिकाच्या तांत्रिक संपादकाने गाडीच्या चाचणीचा अहवाल लिहिला होता, त्यात हे वाक्य पडून होतं. ओगिल्वीचं श्रेय एवढंच की ते दिसल्यावर तो थांबला.

माझ्या पहिल्या काही वर्षांत एका पंप बनवणाऱ्या कंपनीचं काम आलं. ब्रीफमध्ये, म्हणजे कंपनीने दिलेल्या सूचनांमध्ये, नेहमीचीच विशेषणं हजर होती: विश्वासार्ह, नावीन्यपूर्ण, ग्राहककेंद्री. मी म्हटलं, तक्रारींचे फोन घेणाऱ्या माणसाशी अर्धा तास बोलू द्या. मार्केटिंगच्या साहेबांना ते फारसं रुचलं नाही, पण दिलं बोलू. तो माणूस म्हणाला, “पंप बंद पडला म्हणून फोन कमी येतात हो. चालू आहे की नाही तेच कळत नाही, म्हणून जास्त येतात.” झालं की काम! पंपाचा आवाज येत नाही, हात लावून बघावं लागतं. पुढचं सगळं माहितीपत्रक त्या एका तक्रारीवर उभं राहिलं.

हे सांगण्याचं कारण असं की त्या दिवशी मी जे केलं तेच व्यक्तिलेखात करायचं असतं. ज्याला कोणी विचारत नाही त्याला विचारायचं, आणि तो सहज बोलून गेला ते वाक्य उचलायचं. वकीलपत्र वेगळं असलं तरी कसब तेच. म्हणून म्हणते, सोडू नका.

आता तो त्रिवेणी संगम. एक चाचणी करून बघा. परिच्छेदातलं मुलीचं नाव खोडून तिथे एखाद्या बुद्धिबळपटूचं नाव घाला. मी घालून पाहिलं. ‘वजन’ हा एक शब्द सोडला तर काहीही बदलावं लागलं नाही. एखादा परिच्छेद इतक्या सहज दुसऱ्याच्या अंगावर चढत असेल, तर तो कोणासाठीच शिवलेला नाही. असली वाक्यं आता यंत्रही चुटकीसरशी करून देतं, त्यासाठी तुम्हाला मानधन कोण कशाला देईल?

खेळावर लिहिणाऱ्यांना दोन सोयीस्कर खांब मिळालेले असतात: आकडे आणि हालअपेष्टा. दोन्ही खरे असतात आणि दोन्ही नीट वापरले नाहीत तर लेख पोकळ होतो.

आकड्यांचं बघा. १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये पी. टी. उषाचं ४०० मीटर अडथळा शर्यतीतलं कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकलं. तिसरी आलेली रोमानियाची धावपटू ५५.४१ सेकंद, उषा ५५.४२. हे वाक्य हजार वेळा छापून आलंय आणि त्यामुळे आता त्याने कोणाच्या पोटात गोळा येत नाही. पण हिशेब करा. ५५.४२ सेकंदांत ४०० मीटर म्हणजे सेकंदाला सव्वासात मीटर. मग सेकंदाचा शंभरावा भाग म्हणजे सात सेंटिमीटर. हाताची चार बोटं जुळवून समोर धरा, तेवढं. वाचक नकळत स्वतःच्या हाताकडे बघतो. आकडा लेखात आणायचा तर असा आणायचा, नाहीतर तो निकालपत्रकातच बरा.

हालअपेष्टांचं अधिक कठीण आहे, कारण तिथे वाचकाच्या डोळ्यांत पाणी आणण्याचा मोह होतो. १९६०च्या रोम ऑलिंपिकची मॅरेथॉन अबेबे बिकिला अनवाणी धावून जिंकला. गरीब देशातला, पायात घालायला बूट नसलेला धावपटू, अशी ती गोष्ट आजही सांगितली जाते. प्रत्यक्षात तो इथिओपियाच्या सम्राटाच्या अंगरक्षक दलातला सैनिक होता. त्याला बूट मिळत होते, पण ते पायाला नीट बसेनात, आणि अनवाणी धावण्याचा सराव त्याला होताच. चार वर्षांनी टोकियोत तो बूट घालून धावला, पुन्हा जिंकला, आणि रोमपेक्षा तीन मिनिटांहून अधिक लवकर पोहोचला. २ तास १५ मिनिटं १६ सेकंदांवरून २ तास १२ मिनिटं ११ सेकंदांवर. आणि त्या शर्यतीच्या जेमतेम पाच-सहा आठवडे आधी त्याचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं होतं! म्हणजे बूट नसलेल्या गरिबाच्या गोष्टीपेक्षा खरी गोष्ट कितीतरी विलक्षण आहे. न बसणारे बूट काढून ठेवण्याचा निर्णय शर्यतीच्या तोंडावर घेणारा माणूस मला त्या गरीब बिचाऱ्यापेक्षा जास्त आवडतो. त्याला डोकं आहे. आपण दयेपोटी लिहितो तेव्हा खेळाडूचं डोकं आधी काढून घेतो.

तुमच्या परिच्छेदात ‘परिस्थितीवर मात’ दोनदा आलंय, म्हणून हे जरा लांबवलं.

मुलाखतीबद्दल. खेळाडूंना हल्ली काय बोलायचं ते शिकवलेलं असतं. ‘आम्ही निकालाचा विचार करत नाही, प्रक्रियेवर लक्ष देतो.’ हे ऐकायला मुलाखतीची गरजच नाही, घरबसल्या लिहिता येतं. ‘तेव्हा कसं वाटलं?’ या प्रश्नाला असंच उत्तर मिळणार. भावना विचारू नका, क्रम विचारा. त्या दिवशी उठल्यावर आधी काय केलंत? मग? बसमध्ये शेजारी कोण होतं? बॅगेत काय काय असतं, दाखवाल का? एका जलतरणपटूने बॅगेतून एकाच बनावटीचे तीन गॉगल काढले होते. एक सरावाचा, एक स्पर्धेचा, आणि तिसरा? “तो फुटलेला आहे. पण तोच घालून पहिल्यांदा जिंकले होते, म्हणून टाकवत नाही.” माझ्या लेखाची सुरुवात तिथे झाली. क्रम सांगता सांगता माणूस शिकवलेलं विसरतो.

आणि रेकॉर्डर बंद केल्यावर लगेच उठू नका. सामान आवरायला वेळ लावा. लोक खरं तेव्हा बोलतात. मात्र तेव्हा कळलेलं छापायचं असेल तर तिथल्या तिथे विचारून घ्या: हे लिहू का? नाही म्हणाले तर नाही. दुखापती, औषधं, घरातली भांडणं याबाबतीत तर मी लिहिताना पुन्हा एकदा फोन करते, आणि खेळाडू अठराच्या आतला असेल तर पालकांनाही.

खेळाडू वेळच देत नाही, ही तक्रार तुम्ही आज ना उद्या करालच. तर १९६६च्या एप्रिलमध्ये ‘एस्क्वायर’ या अमेरिकी मासिकात गे तलीझ या पत्रकाराचा गायक फ्रँक सिनात्रावरचा लेख आला. सिनात्राने मुलाखत दिली नव्हती. तलीझ त्याच्या अवतीभवतीच्या लोकांशी बोलत राहिला, दुरून बघत राहिला. सिनात्राला सर्दी झाली होती, आणि त्या सर्दीने सगळा गोतावळा कसा हवालदिल होतो हेच त्याने लिहिलं. त्याच वर्षी त्याने निवृत्त बेसबॉलपटू जो डिमॅजिओवर लिहिलं, आणि तोही सुरुवातीला बोलायला राजी नव्हता. व्यक्तिलेखाच्या नमुन्यांत हे दोन लेख आजही काढले जातात. माझा स्वतःचा नियम साधा आहे: खेळाडूशी एकदा बोललो तर त्याच्याभोवतीच्या चार जणांशी बोलायचं. फिजिओ, सरावातला जोडीदार, मैदान झाडणारा, आणि शक्य असेल तर त्याच्याकडून हरलेला कोणीतरी. हरलेला माणूस सगळ्यांत नेमकं सांगतो. त्याने अभ्यास केलेला असतो.

आता माझी एक चूक. एका क्लबच्या प्रायोजकासाठी मी माहितीपत्रक लिहिलं होतं, चांगले पैसे मिळाले. सहा महिन्यांनी एका मासिकाने त्याच क्लबच्या कर्णधारावर लेख मागितला. माणसं ओळखीची, माहिती हाताशी. मी घेतला, आणि आधीचं काम संपादकांना सांगितलं नाही. खोटं काही लिहिलं नव्हतं. पण क्लबमधला पगाराचा वाद मला ठाऊक होता आणि तो लेखात आला नाही. का आला नाही, हे मी तेव्हा स्वतःलाही विचारलं नाही. संपादकांना दुसरीकडून कळलं. त्यांनी आवाज चढवला नाही, फक्त पुन्हा काम दिलं नाही. बरोबरच केलं. तेव्हापासून माझ्याकडे एक वही आहे. कोणत्या क्षेत्रातल्या कोणाकडून पैसे घेतले, त्यात लिहून ठेवते. व्यक्तिलेखाचं काम आलं की आधी ती वही उघडायची, आणि त्यात काही सापडलं तर संपादकांना सांगून त्यांनाच ठरवू द्यायचं. बऱ्याचदा ते म्हणतात, चालेल, लेखाखाली तसं नमूद करू.

मसुदा कोणाला दाखवायचा, तेही वकीलपत्रावरच ठरतं. क्लायंटला सगळं दाखवायचं, मजकूर त्याचा आहे. खेळाडूच्या व्यवस्थापकाने ‘छापण्याआधी एकदा नजर टाकतो’ म्हटलं तर नम्रपणे नाही. तारखा, आकडे, नावं आणि अवतरणं फोनवर वाचून दाखवीन, दुरुस्ती असेल तर आनंदाने करीन, पण लेख पाठवणार नाही. पहिल्यांदा हे बोलताना जीभ अडखळते. मग सवय होते.

स्वतःबद्दलच्या लेखनावर मात्र मला जरा थांबावं लागेल, कारण तुम्ही प्रश्नात ते ‘मोकळं व्हायला’ असं लिहिलंय. मोकळं व्हायला डायरी चांगली. लेख छापायला द्यायचा तर तो तपासावा लागतो, आणि स्वतःच्या आठवणी तपासायच्या असतात हे मला फार उशिरा कळलं.

मी शाळेत बॅडमिंटन खेळत असे. नववीत सोडलं. का सोडलं याची गोष्ट माझ्याकडे तयार होती: प्रशिक्षक सगळ्यांसमोर म्हणाले, ‘तुझ्या अंगात खेळ नाही’, आणि मी रॅकेट ठेवून दिली. ही गोष्ट मी वर्षानुवर्षं सांगितली. त्यावर लेख लिहिला, चांगला झाला होता. शेवट तर असा की संपादक खूश व्हावेत: त्या एका वाक्यानेच मला लेखिका केलं, वगैरे. पाठवण्याआधी व्यक्तिलेखाच्या सवयीने वाटलं, एका तरी माणसाला विचारावं. बहिणीला फोन केला. ती क्षणभर गप्प झाली. म्हणाली, “अगं, सर तसं म्हणाले होते, पण ते सहावीत. त्यानंतर तू तीन वर्षं खेळलीस. सोडलंस ते त्या सातवीतल्या मुलीकडून हरल्यावर. सर घरी आले होते तुला समजवायला. तू खोलीतून बाहेर आली नाहीस.”

ते घरी आल्याचं मला आठवतच नव्हतं. फोन ठेवल्यावर आठवलं. दाराच्या फटीतून त्यांच्या चपला दिसल्या होत्या.

आधीचा लेख मी फेकून दिला. त्यात प्रशिक्षक खलनायक होते, मी पीडित होते आणि शेवटी विजयी झाले होते. नीट बघितलं तर ते माझ्या वतीने लिहिलेलं माहितीपत्रक होतं. नवा लेख दाराच्या फटीचा झाला. तो पहिल्याइतका गोळीबंद नव्हता आणि शेवटी काही शिकवतही नव्हता. पण तो वाचून ज्यांनी कळवलं, त्यांनी स्वतःच्या बंद दारांबद्दल लिहिलं होतं. जाहिरातीची सवय खरा घात करते ती इथे, व्यक्तिलेखात नव्हे: आपण स्वतःलाच विकायला काढतो. म्हणून स्वतःबद्दल लिहिताना मी दुसऱ्याच्या बाजूने एक तरी साक्षीदार काढते, आणि लेखात येणारी माणसं हयात असतील तर त्यांना वाचायला देते. परवानगीसाठी नाही, चुका कळाव्यात म्हणून. त्यांना नको वाटलं तर मी त्यांची ओळख पुसते, क्वचित लेखच ठेवून देते.

पैशाचं थोडक्यात सांगते. माझ्या तासांच्या नोंदींप्रमाणे नीट केलेल्या व्यक्तिलेखाला माहितीपत्रकाच्या तिप्पट वेळ जातो आणि मानधन बहुधा कमीच असतं. वैयक्तिक लेखाचा तर हिशेब न मांडलेला बरा. त्यामुळे महिन्याचा खर्च जाहिरातीच्या कामातून निघेल असं आधी बघा, म्हणजे व्यक्तिलेख घाईत उरकावा लागणार नाही. क्लायंटकडून अर्धी रक्कम आगाऊ घ्या. फेरफार किती वेळा करून देणार आणि अंतिम होकार कोण देणार, हे सुरुवातीलाच लेखी ठरवा. पाच जणांनी होकार द्यायचा असेल तर तो मजकूर कोणाचाच राहत नाही आणि तुमचे दिवस मात्र जातात. मासिकाने लेख घेऊन छापला नाही तर काय मिळेल, तेही आधी विचारा. विचारल्यामुळे माझं काम कधी गेलं नाही. आणि शक्यतो एकाच दिवशी दोन प्रकारचं लिहू नका. नाइलाज असेल तर मधे बाहेर चालून या. सकाळी ईमेलची मोहीम लिहून दुपारी स्वतःवर लिहायला बसले की पहिल्या तीन वाक्यांत वाचकाला काहीतरी आश्वासन देऊन बसते, हा अनुभव आहे.

आता ती पाठ करून उभी राहणारी मुलगी. वेटलिफ्टिंगमध्ये नाव पुकारल्यावर बार उचलायला सुरुवात करेपर्यंत खेळाडूला ६० सेकंद मिळतात. लागोपाठ तिचाच प्रयत्न असेल तर १२०. तीस सेकंद उरले की इशारा वाजतो. एवढ्या मोजक्या वेळात ती काही सेकंद बारकडे पाठ करून उभी राहते. तुम्हाला गंमत वाटली आणि ती ओळ तुम्ही मला लिहिलीत, लेखात घातली नाहीत. का? कारण मुलीचं कौतुक करायला त्या ओळीचा उपयोग नव्हता.

तुम्ही सरावाला पुन्हा एकदा जा. वही नेऊ नका, सेकंद मोजा. किती वेळ पाठ असते, त्या वेळी ती कुठे बघते, हात कुठे असतात, बार चुकलेल्या दिवशी हा वेळ वाढतो का. प्रशिक्षकाला विचारा, ही सवय कधीपासूनची. जोडीदाराला विचारा, त्याला ते खटकतं का. आणि सगळ्यांत शेवटी तिला विचारा. ती कदाचित म्हणेल, काही नाही, अशीच सवय आहे. मग तेच लिहा, आणि सेकंद किती ते लिहा.